वरचा अर्धा कागद

भरे, ४ मार्च

विषय : माझा फोन न उचलण्याबाबत.
संदर्भ : माझे सव्वीस कॉल.

जोहरा,

हा मथळा सवयीने पडला. एकतीस वर्षं कारकुनी केली की माणूस सख्ख्या बहिणीलाही विषय-संदर्भ टाकूनच लिहायला लागतो. निदान यावर तरी हस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास हे अफरीनने सांगितलं. तुझी लेक खोटं बोलत नाही, त्यामुळे 'रेंज नसेल' अशी मनाची समजूत घालायची सोयही राहिली नाही. म्हणून हे पत्र धुळाजीच्या हाती देतोय. हातपंप दुरुस्तीची जीप आठवड्याला एकदा तुमच्या धरणाकाठाला येते आणि धुळाजी चोवीस वर्षं त्या पथकात रोजंदारीवर पान्हे फिरवतोय. पाकीट बंद आहे आणि तो उघडणाऱ्यातला नाही.

तुझा राग कशावर आहे ते मला ठाऊक आहे. दहा वर्षं सलग काम केलेल्या रोजंदारी, कंत्राटी आणि अर्धवेळ कर्मचाऱ्यांना कायम करायचं, असं ते विधेयक. त्यासाठी आपल्या संघटनेने तीन वर्षं आमदारांचे उंबरे झिजवले. पुण्याच्या मोर्चात तू झेंडा धरून पुढे होतीस आणि मी मागे निवेदनांची फाईल सांभाळत होतो. विधेयक सभागृहाच्या समितीकडे गेलं आणि गेल्या महिन्यात सुधारून बाहेर आलं. त्यात सगळे आहेत, फक्त अर्धवेळ स्त्री परिचर नाहीत. सतरा वर्षं आरोग्य उपकेंद्रात राबलेली तू नाहीस, आणि तालुक्यातल्या तुझ्यासारख्या आणखी तीस जणी नाहीत. खाली एक ओळ आहे : 'संबंधित संवर्गाच्या लेखी सहमतीने वगळण्यात येत आहे.'

जोहरा, मुंबईत कुणीतरी घोळ घातला आहे. असे मसुदे दहा टेबलांवरून फिरतात. कुठल्या टेबलावर काय झालं याची माहिती घेतोय, मिळाली की कळवतो. तोवर बाकीच्या बायकांना धीर दे. संघटनेचा सेक्रेटरी तुझा भाऊ आहे, हे त्यांना पुन्हा सांग.

रोजे सुरू झालेत. लशींचा डबा घेऊन वाडीचा चढ एकटी चढू नकोस, आणि चढलीस तर ऊन व्हायच्या आत.

तुझा भाऊ,
इलाही

भरे, १९ मार्च

विषय : कागद दाखवण्याबाबत.

जोहरा,

धुळाजीने निरोप आणला. "बाईंनी पत्र घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, आन एवढंच बोलल्या, कागद दाखव म्हनावं."

तू माझ्याहून चांगली कारकून झाली असतीस. बरोबर जागी बोट ठेवलंस.

तर कागद आपलाच आहे. डिसेंबरच्या वार्षिक सभेत, पौडच्या मंगल कार्यालयात, जेवणाच्या पंगतीआधी तुम्ही सह्या केल्या, त्या पाच कागदांपैकी एक. तुला हे नव्याने सांगायला नको, पण लिहिलं की मलाच जरा नीट दिसतं. तुम्ही एकतीस जणी एकतीस गावच्या. एसटी दिवसातून एकदा. प्रत्येक निवेदनाला तुम्हाला बोलवायचं तर दर वेळी तुमचा दिवस जातो. म्हणून वर्षातून एकदा कोरे फुलस्केप फिरवायचे, वरचा अर्धा कागद मोकळा सोडून खाली सह्या घ्यायच्या. मग वर्षभरात गरज पडेल तसा वरचा मजकूर मी लिहायचा. माझ्या आधीच्या सेक्रेटरीने मला हे शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. कुणाला यात वावगं वाटलं नाही. अशाच कागदांवर तुमच्या साड्या मंजूर झाल्या, तुझ्या उपकेंद्राचे गळके पत्रे बदलले. मजकूर असा बसवायचा की शेवटची ओळ पहिल्या सहीच्या बरोबर एक बोट वर यावी. ते मला जमायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

आपले जिल्हाध्यक्ष बंडोपंत यांनी जानेवारीत असा एक कागद माझ्याकडून मागून घेतला. वर काय लिहायचं ते पुण्यात ठरलं. मी फोल्डर उघडून कागद दिला, एवढीच माझी चूक. चूक आहेच, पण तू धरली आहेस एवढी मोठी नाही.

ईदला येशील ना? तुझी भाभी विचारत होती. तू नसलीस की शीरखुर्म्यात खारीक जास्त होते आणि सांगणारं कुणी नसतं.

इलाही

भरे, १ एप्रिल

विषय : परत आलेला डबा.

जोहरा,

तू ईदला आली नाहीस म्हणून दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आज, डबा धुळाजीबरोबर पाठवला होता. तो परत आला. फडक्याची गाठ सोडल्यासारखी दिसत होती म्हणून क्षणभर बरं वाटलं. पण गाठीत फक्त त्या कागदाची प्रत खोचलेली होती. डबा तसाच होता.

समितीने सगळी निवेदनं वेबसाइटवर टाकली आहेत हे मला माहीत नव्हतं. अफरीनने पिरंगुटला प्रिंट काढली असणार. खाली एकतीस सह्या, पहिली तुझी. वर माझं अक्षर. तू त्यावर काही लिहिलं नाहीस, खूण केली नाहीस. गरजच नव्हती. मी पाचवीत होतो तेव्हापासून तू माझं अक्षर बघत आलीस.

होय. मी लिहिलं. बंडोपंतांनी कागद नेला नाही, मजकूर फोनवर सांगितला आणि मी तो माझ्या हाताने वर बसवला. 'आम्ही खालील सह्या करणाऱ्या अर्धवेळ स्त्री परिचर स्वखुशीने लिहून देतो की, आम्हांस कायम न करता मानधनात वाढ दिल्यास आमची हरकत नाही.' शेवटची ओळ तुझ्या सहीच्या बरोबर एक बोट वर आली. तू बघितलंच असशील.

आता कारण ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण. हरकती द्यायची ती शेवटची संध्याकाळ होती. बंडोपंत म्हणाले, "इलाही, सगळ्यांना एकदम आत घ्यायला अर्थखातं तयार नाही. अर्धवेळ बायकांनी माघार घेतली तर बाकीचे होतात, नाहीतर विधेयकच गुंडाळतील." बाकी तालुक्यांत तुमच्या संवर्गाची संघटना नाही, सह्यांचे कागद नाहीत. जिल्ह्यातून लेखी सहमती देऊ शकणारा एकटा आपला मुळशी तालुका. आणि मुळशीचं कपाट माझ्या खोलीत.

तुला विचारायला वेळ नव्हता. सगळं तासाभरात झालं.

डबा मी धुळाजीला घरी न्यायला सांगितला. त्याच्या बायकोने, बायजाने, लगेच निरोप पाठवलाय की खारीक जास्त झाली होती.

इलाही

भरे, २२ एप्रिल

विषय : सहा मेच्या चौकशीबाबत.

जोहरा,

तीस जणींनी समितीकडे तक्रार केली. तू केली नाहीस, असं कळलं. तक्रारीत तुझंच नाव आहे, हेही कळलं. 'जोहराबी म्हणाल्या माझा भाऊ सेक्रेटरी आहे, डोळे झाकून सही करा, म्हणून आम्ही केली.' मासिक मीटिंगला तू आता खिडकीपाशी एकटी बसतेस आणि चहाचा ट्रे तुझ्यापर्यंत येत नाही, असं धुळाजी सांगत होता. तो हे सहज बोलून गेला. मला मात्र त्या दिवशी टेबलावरचं एक पत्रही धड लिहिता आलं नाही. त्या बायकांच्या बाळंतपणांना तू गेलीस, त्यांच्या सासवांशी भांडलीस. तुझी ही गत मी केली.

सहा मेला पुण्याहून चौकशी अधिकारी मॅडम येणार आहेत. तालुक्याच्या सभागृहात जबाब होतील. पहिली सही तुझी, म्हणून पहिला जबाब तुझा.

बंडोपंत परवा घरी आले होते. चहा घेतला, भाभीच्या हातच्या धपाट्यांचं कौतुक केलं, आणि जाताना पायताण घालता घालता म्हणाले, तुमच्या बहिणीला एवढंच सांगायचं आहे की मजकूर वाचून सही केली. बाकीच्या तीस जणी काहीही म्हणोत, पहिल्या सहीवाली ठाम राहिली तर कागद टिकतो. नाही टिकला, सह्या कोऱ्या कागदावर होत्या हे बाहेर आलं, तर एका कागदावर थांबणार नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या संघटना सह्या अशाच घेतात. सगळी निवेदनं संशयात जातील, विधेयक समितीकडे परत, आणि मग हिवाळी अधिवेशनात बघू.

हिवाळ्यापर्यंत धुळाजी नसेल. म्हणजे असेल, पण नोकरीत नसेल. जुलैअखेर त्याला साठ पूर्ण होतात. जूनच्या अधिवेशनात विधेयक मंजूर झालं तर महिनाभरासाठी का होईना तो कायम होतो आणि चोवीस वर्षं धरून पेन्शन लागते. नाहीतर ज्या हाताने त्याने तालुक्याला पाणी पाजलं तो हात घेऊन शेरडांमागे जायचं. हे पत्र घेऊन तुझ्या दारात जो उभा आहे, त्याच्याबद्दल मी लिहितोय. त्याला यातलं काही माहीत नाही.

इकडे आड तिकडे विहीर अशी माझी गत आहे, जोहरा. बंडोपंतांचा निरोप मी फक्त तुझ्यापर्यंत पोचवतोय. तू ठरव. पण धुळाजीकडे एकदा बघ.

इलाही

भरे, ३ मे

जोहरा,

आज विषय लिहीत नाही.

धुळाजी परत आला तेव्हा मी विचारलं, बाई काय म्हणाल्या. तो म्हणाला, "पत्राबद्दल काय न्हाई. मलाच इचारलं, धुळाजी, तुमची रिटायरमेंट कवा हाय. मी म्हनलं जुलैत. मग बाईंनी मला पानी दिलं आन बराच येळ तांब्या हातातच धरून हुत्या."

हे ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. मागचं पत्र मी मुद्दाम धुळाजीच्या हाती दिलं होतं. टपालाने पाठवता आलं असतं. पण तू ते वाचत असताना तो समोर उभा असावा असं मला वाटत होतं. मी अडकलो होतो, तर तुलाही आत ओढून दार लावून घेतलं. असं काम बंडोपंतांनाही सुचलं नसतं.

तेव्हा आता उरलेलं सगळं सांगतो.

तुला विचारायला वेळ नव्हता असं मी लिहिलं होतं. वेळ होता. मजकूर लिहून झाल्यावर तुझा नंबर काढला होता. अंगठा त्यावर ठेवला होता. लावला नाही, कारण तू 'न्हाई' म्हणाली असतीस, आणि मग मला ते बंडोपंतांना सांगावं लागलं असतं. दुसरं, बंडोपंतांनी मला जिल्ह्याचं सरचिटणीसपद देऊ केलं होतं. त्या फोनवर नाही, आधीच्या आठवड्यात. दोन्हींचा संबंध नाही असं मी चार महिने स्वतःला समजावतोय. धुळाजीच्या पेन्शनीसाठी केलं, हेही खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

कागद काढताना पहिली सही तुझी आहे हे मी बघितलं होतं. न बघून कसं चालेल? ती सही मीच तुला दिलेली. अब्बांनी तुला तिसरीतून काढून पिंजायच्या कापसावर बसवलं तेव्हा मी काही बोललो नव्हतो. मग नोकरीच्या वेळी साहेब म्हणाले, अंगठा चालणार नाही, सही पाहिजे. आठ दिवस आपण दोघं परातीतल्या पिठात बोटाने गिरवत बसलो. तू सही शिकलीस, आणि वर म्हणालीस, भाईच्या सहीखाली दोन ठिपके आहेत, मग मलाही पाहिजेत. म्हणून तुझ्याही सहीखाली ते दोन ठिपके आले. तू नंतर हट्टाने वाचायला शिकलीस, प्रौढ वर्गात गेलीस, पण सही तीच राहिली.

याच सहीत वाट आहे. मी वकिलालाही विचारलं, नाव न सांगता. नीट ऐक.

सहा तारखेला मॅडम विचारतील, ही सही तुमची का. तू म्हण, नाही. माझी सही नव्हे ही. मग त्या अक्षर बघतील. वरचा मजकूर माझा, आणि खालची सही माझ्या वळणाची, माझ्या दोन ठिपक्यांची. कुणीही म्हणेल सेक्रेटरीने बहिणीची सही मारली. मी मान्य करीन. मग हा एकाच माणसाचा खोटेपणा ठरतो, कोऱ्या कागदांच्या पद्धतीचं नावही निघत नाही. एवढा एक कागद रद्द होतो. सहमतीच उरत नाही, म्हणजे तुम्हाला परत विधेयकात घ्यावं लागतं, आणि समितीतून बाहेर आलेलं विधेयक एका कागदापायी आता कुणी गुंडाळणार नाही. बाकीची निवेदनं शाबूत, धुळाजी शाबूत. बायकांसमोर तुझी मान वर. आत जाणारा एकटा मी, आणि मला ते झेपेल. नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत, पेन्शन जाईल, भाभीला मी समजावीन.

आयुष्यात एकदा खोटं बोल, जोहरा. 'नाही' एवढाच शब्द.

इलाही

भरे, ११ मे

जोहरा,

तू सभागृहात होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला सांगायला नको. तरी लिहितो. तू उभी होतीस आणि मी बसलेला होतो. बसून जे दिसलं ते तुला माहीत नसेल.

मॅडमनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, ही सही तुमची का? तू चष्मा लावलास. तू चष्मा घेतलास हे मला माहीत नव्हतं. कागद वाचलास, वरपासून, एकेक ओळ, सगळे थांबलेले असताना. डिसेंबरमध्ये वाचायला जे नव्हतं ते तू मेमध्ये वाचून घेतलंस. मग म्हणालीस, "सही माझी हाय. कागद कोरा हुता."

मागच्या खुर्च्यांवर तीस जणी होत्या. बंडोपंतांनी पेनाचं टोपण लावलं.

मॅडमनी विचारलं, मग मजकूर कुणी लिहिला? तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालीस, "भावाला इचारा. तो हितंच बसलाय."

तेवढं एक दार उघडं होतं, जोहरा. त्याच्या आत काय बोलायचं ते मी तीन मेला तुला चार पानांवर लिहून पाठवलं होतं. मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. दाराशी धुळाजी पाण्याचा जग घेऊन उभा होता. बंडोपंत कागदातून वर बघत नव्हते. आणि मी उठलो आणि म्हणालो, "माहिती घेऊन सांगतो."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल. रेशनसाठी आलेल्या म्हातारीला, घरकुलाची फाईल शोधत आलेल्या माणसाला. तोंडातून आपसूक आलं. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुराची मी माहिती घेणार होतो. मॅडमनी पंधरा तारखेपर्यंत लेखी खुलासा मागितला आणि पुढची हाक मारली.

बाहेर चिंचेखाली मी तुला गाठलं. अडीच महिन्यांनी तू माझ्याशी बोललीस. म्हणालीस, "पत्रात तू लई शूर असतोस, भाई." मी म्हटलं, नाही म्हणाली असतीस तर सगळे सुटले असते. तू म्हणालीस, "आठ दिस पिठात गिरवली ती सही. तुझ्याकडनं मला तेवढंच मिळालंय. ती खोटी हाय म्हनू व्हय?" आणि एसटीकडे गेलीस. मी बोलायला हवं होतं. एसटी सुटेपर्यंत मी तिथे चिंचेखालीच उभा होतो.

त्या बायकांपैकी दोघी तुझ्यामागून गाडीत चढल्या आणि तुझ्याच बाकावर बसल्या, तेवढं मात्र मी बघितलं.

धुळाजी संध्याकाळी आला. जग त्याने तसाच हातात आणला होता, ठेवायचं विसरला असावा. म्हणाला, "सायेब, मी न्हेत हुतो ती पत्रं ह्याचीच व्हय?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मी सातवी झालोय. वाचाया येतं. पर दुसऱ्याचं वाचू नै म्हनून वाचलं न्हाई." जग शेजारी ठेवून तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "जुलैपतुर थांबता आलं नसतं का तुमास्नी? कुनालाच?" त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि पुन्हा तेच वाक्य येईल म्हणून मिटलं. पुढचं पत्र तो नेणार नाही. म्हणाला, टपालानं धाडा.

टपालाची वेळ आली नाही. आज अफरीन आली. दारातच उभी राहिली, भाभीने बोलावलं तरी आत आली नाही. पिशवीतून एक फुलस्केप कागद काढला. कोरा. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "मामू, अम्मीनं सांगितलंय, खाली सही करा. वरचं आमी सगळ्याजनी मिळून लिवनार हाय."

मी विचारलं, काय लिहिणार? पोरीला बोलायला जड जात होतं, पण तिने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मामूनी काय लिवनार इचारलं, तर कागद तसाच माघारी आन."

मी कागद घेऊन आत आलो. टेबलावर ठेवला. हा अर्धा मोकळा कागद मी हजार वेळा बघितला असेल, पण कायम वरच्या बाजूने. खालच्या बाजूला बसून तो कधी बघितला नव्हता. इथून तो फार मोठा दिसतो. वर काहीही येऊ शकतं. मी लिहिलं, हे येईल. सगळ्या तालुक्याच्या सह्या कोऱ्या कागदांवर होत्या, हेही येईल, आणि मग विधेयक परत जाईल, धुळाजी जुलैत रिकाम्या हाताने घरी जाईल आणि गाव मला त्याची पेन्शन घालवणारा म्हणून ओळखेल. सरचिटणीसपदाचं येईल, कारण ते मीच तुला लिहून दिलंय. नोकरी, पेन्शन, फौजदारी. किंवा यातलं काहीच नाही, आणि मला न सुचलेलं काहीतरी. तुम्ही एकतीस जणी डिसेंबरमध्ये हसत, जेवणाची घाई करत सही करून गेलात, तेव्हा तुमच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. कारण वर लिहिणारा माणूस आपला होता.

अफरीनला मी पाऊण तास दारात उभं ठेवलं. दोनदा कागद तिला तसाच द्यायला उठलो. पंधरा तारखेचा खुलासा मी स्वतःच लिहितो, चांगला लिहितो, असं सांगून पाठवावं असंही मनात आलं. लिहिलाही असता, चांगलाच लिहिला असता. माझ्या हातात लेखणी आली की मी नेहमीच चांगला माणूस होतो, हे तुला माहीत आहे.

म्हणून सोबत तुझा कागद. वरचा अर्धा मोकळा आहे. खाली सही केली आहे. दुसरा ठिपका जरा लांब पडला आहे. पण सही माझीच आहे. कुणी विचारलं तर मी उभा राहून तसंच सांगेन.

इलाही